सीताफळाला फुलं ढीगभर, फळं मोजकी आणि तीही वाकडी: असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दीड एकरात गोल्डन जातीच्या सीताफळाची तीनशे कलमं आहेत, चौथं वर्ष चालू आहे. मेमध्ये पाणी सोडल्यावर झाडं फुलांनी लगडली, पण जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळी फुलं गळाली. पाऊस लागल्यावर थोडं सेटिंग (फळधारणा) झालं, त्यातली निम्मी फळं एका बाजूने चेपलेली. शेजारचे म्हणतात यातली बरीच झाडं 'नर' निघाली, उपटून टाका. दुकानदाराने फूलगळीसाठी टॉनिक आणि त्याच्या जोडीला कीटकनाशक दिलं आहे. मधमाशांच्या पेट्या ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट, झाडं उपटू नका. सीताफळात नर झाड नावाचा प्रकारच नाही. पपईत असतो, करटोलीत असतो, खजुरात असतो. सीताफळाच्या प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, तुमच्या तीनशेच्या तीनशे झाडांवर. घोटाळा वेगळाच आहे: दोन्ही भाग एकाच फुलात असूनही ते एकाच वेळी कामाचे नसतात.

आणि फूलगळ हा रोग नव्हे. ज्या फुलात परागकण पोहोचले नाहीत ते फूल झाड ठेवत नाही. तेव्हा गळ थांबवण्याच्या मागे न लागता परागकण का पोहोचत नाहीत ते शोधायला हवं. टॉनिकने परागकण जागचे हलत नाहीत.

एक फूल तोडून हातावर घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बाहेर तीन जाड, मांसल, हिरवट-पिवळ्या पाकळ्या दिसतील. आतल्या तीन पाकळ्या इतक्या बारीक असतात की बहुतेकांना दिसतच नाहीत. मोठ्या पाकळ्या अलगद मोडल्या की मधोमध एक बारीक शंकू दिसतो. तो एक अवयव नाही. पन्नासाहून कितीतरी जास्त स्त्रीकेसर (फुलाचे मादी भाग) एकमेकांना चिकटून उभे असतात, तेव्हा तो शंकू तयार होतो. प्रत्येक स्त्रीकेसराची वर स्वतःची कुक्षी (परागकण झेलणारं टोक), खाली स्वतःचा अंडाशय आणि त्यात एकच बीजांड. शंकूच्या बुडाशी भोवती दाटीवाटीने बसलेले, फिक्या पिवळसर रंगाचे बारीक दाणे म्हणजे पुंकेसर, परागकण देणारे नर भाग.

आता वेळेचं गणित. फूल उमलायला लागतं तेव्हा पाकळ्यांची टोकं जेमतेम विलग होतात, आत बोटसुद्धा जात नाही. या अवस्थेत शंकू ओलसर चमकतो, कुक्षींवर चिकट द्रव असतो. हे फूल या वेळी मादी आहे. पुंकेसर मात्र घट्ट बंद असतात. साधारण एक दिवसाने पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर सैल होतात, त्यांचा रंग करडा व्हायला लागतो आणि बोट लावलं की बारीक पूड लागते. आता फूल नर झालं. पण तोवर त्याच्या कुक्षी सुकून तपकिरी पडलेल्या असतात. म्हणून फुलाचे स्वतःचे परागकण स्वतःच्या कामाला येत नाहीत. आज नर अवस्थेत असलेल्या फुलातले परागकण आज मादी अवस्थेत असलेल्या दुसऱ्या फुलात गेले पाहिजेत, आणि तेही त्या एका दिवसाच्या मुदतीत.

दुसरं फूल त्याच झाडावरचं असलं तरी चालतं. सीताफळ स्वतःच्या झाडाचे परागकण नाकारत नाही, त्यामुळे 'परागीभवनासाठी वेगळी जात लावा' हा सल्ला तुम्हाला लागू नाही.

नेमकं किती वाजता फूल उमलतं आणि किती वाजता पुंकेसर फुटतात, हे मी इथून सांगू शकत नाही. जात, भाग, तापमान, ढगाळपणा यांनी तास बदलतात. पण शोधायला अवघड नाही. दोन झाडांवरच्या मिळून दहा टपोऱ्या कळ्यांना रंगीत दोरा बांधा आणि दोन दिवस दर तीन तासांनी बघा, पहाटेची एक फेरी धरून. टोक विलग होणं, शंकू चमकणं, पूड बोटाला लागणं, या तीन वेळा वहीत लिहा. त्या बागेपुरतं वेळापत्रक तुमच्या हातात येतं. हे दोन दिवस वाचवायला जाऊ नका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मग निसर्गात हे काम कोण करतं? मधमाशी नाही. या फुलात तिच्यासाठी मध नाही, आणि मादी अवस्थेत पाकळ्यांची फट इतकी अरुंद की ती आत शिरू शकत नाही. वाराही नाही, कारण सीताफळाचे परागकण चार-चारच्या पुंजक्यात चिकटून असतात, हवेत उडत नाहीत. काम करतात ते दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी-काळे भुंगेरे, नायटिड्युलिड कुळातले. कुजक्या, आंबलेल्या फळांवर जगणारे. फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो, त्या वासाने ते फटीतून आत शिरतात, आतच मुक्काम करतात, फूल नर झालं की अंगाला पूड लागते आणि पाकळ्या फाकल्यावर ते दुसऱ्या फुलात जातात. फार चलाख व्यवस्था आहे, पण भुंगेरे कमी असले की सगळीच ठप्प होते. भुंगेऱ्यांवरच सोडलेल्या बागेत शंभर फुलांमागे फळांचा आकडा बहुधा एकेरीच राहतो.

त्यामुळे तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं इथेच: मधमाशांच्या पेट्यांवर सीताफळासाठी खर्च करू नका. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. पिठ्या ढेकणासाठी (रस शोषणारी पांढरी कीड) मारायचं असेल तर फुलोरा सुरू होण्याआधी, नाहीतर सेटिंग संपल्यावर. 'संध्याकाळी मारलं तर मित्रकीटक वाचतात' हे मधमाशांबाबत बऱ्याच अंशी खरं आहे, कारण त्या संध्याकाळी पेटीत परततात. हे भुंगेरे रात्रभर फुलातच असतात, त्यांना ती सूट नाही. फुलोऱ्यात पिठ्या ढेकूण दिसलाच तर खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची आणि पिल्लांची वर जाण्याची वाट बंद करा, लागण झालेल्या फांद्या हाताने काढा.

आता वाकड्या फळाबद्दल. यात माझ्या मते खरी मौज आहे, आणि निदानही.

परागकण ओल्या कुक्षीवर पडला की फुगतो आणि त्यातून परागनळी निघून बीजांडाकडे वाढत जाते. तिच्यातून दोन नर पेशी आत जातात आणि दोघींना वेगवेगळं काम असतं. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून गर्भ म्हणजे पुढचं रोप तयार होतं. दुसरी बीजांडातल्या मधल्या पेशीशी मिळते. तिथे आधीच दोन केंद्रकं असतात, तिसरं येऊन मिळालं की भ्रूणपोष, म्हणजे गर्भाची शिदोरी तयार होते. सीताफळात गुणसूत्रं १४. परागकणाकडून ७ आणि अंडपेशीकडून ७ मिळून गर्भात १४, तर भ्रूणपोषात ७ च्या तीन पट, २१. सर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत हे दुहेरी फलन पहिल्यांदा दाखवलं. तुम्हाला ते सीताफळाच्या बीमध्ये दिसेल: काळं कवच फोडून बी उभी कापा. आतला पांढरा, तपकिरी सुरकुत्यांनी चिरलेला भाग जवळपास सगळा भ्रूणपोष असतो, गर्भ एका टोकाला अगदी इवलासा. (कापल्यावर हात साबणाने धुवा आणि डोळ्याला लावू नका. या बियांची पूड किंवा तेल डोळ्यात गेलं तर बुबुळाला गंभीर इजा होते. केसांतल्या उवांसाठी बिया वाटून लावणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.)

बी वाढायला लागली की ती संप्रेरकं सोडते आणि तिच्याभोवतीचा अंडाशय गराने भरायला लागतो. फळावरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. म्हणजे सीताफळ हे एका फुलातून आलेलं, पण अनेक छोट्या फळांचं जुळून झालेलं फळ आहे. जिथे परागकण पोहोचले तिथले डोळे फुगतात, जिथे नाही तिथले बसतात. भुंगेरा शंकूच्या एकाच बाजूने गेला असेल, किंवा दुसऱ्या बाजूच्या कुक्षी उन्हाने सुकलेल्या असतील, तर फळ त्या बाजूला चेपतं. बी नसलेला एखाद-दुसरा गराचा कप्पा चांगल्या फळातही सापडतो, पण एक अख्खी बाजू बीविना राहिली की आकार बिघडतोच.

यावरून तपासणी अशी. चेपलेली चार-पाच फळं आडवी कापा. चेपलेल्या बाजूला बिया नाहीत आणि गर स्वच्छ आहे, तर परागीभवन अपुरं झालं. बिया आहेत पण गर काळा पडलाय, भोकं आहेत, अळी आहे, तर तो किडीचा प्रश्न आणि त्याचा उपाय वेगळा. तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता दाट वाटते, तरी कापून खात्री करा.

मेमधली सगळी फुलं का गळाली? दुपारी पारा चाळिशीला, हवा कोरडी. कुक्षीवरचा चिकट द्रव काही तासांत वाळतो, परागकण पडला तरी रुजत नाही. शिवाय त्या दिवसांत बागेत कुजकं, ओलं काही नसतं, म्हणून भुंगेरेही नसतात. पाऊस लागल्यावर हवेत दमटपणा आला, थोडे भुंगेरे आले, म्हणून थोडं सेटिंग झालं. बहार उशिरा धरला असता, म्हणजे पहिलं पाणी असं सोडलं असतं की फुलोरा मृगाच्या पावसात यावा, तर फुकटात जास्त फळं मिळाली असती. पण सेटिंगपासून काढणीला चार महिने लागतात, आणि लवकरच्या फळाला भाव बरा असतो. त्यामुळे मेचा बहार धरणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. तो धरायचा असेल तर परागीभवन हाताने करायची तयारी हवी, एवढंच.

हाताने परागीभवन कसं करायचं ते आता सविस्तर.

सामान फार नाही: दोन-तीन नंबरचा रंगकामाचा मऊ ब्रश, झाकणाची छोटी कोरडी बाटली, पांढरा कागद, चहाची गाळणी. आदल्या संध्याकाळी अशी फुलं गोळा करा ज्यांची मादी अवस्था संपत आली आहे, म्हणजे पाकळ्या फाकायला लागल्यात पण पुंकेसर अजून फुटलेले नाहीत. ही फुलं फांद्यांच्या शेंड्यावरची आणि बारीक काड्यांवरची घ्या, तिथे फळ तसंही नको असतं. घरात सावलीत कागदावर एका थरात पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. वाफ धरते, पुंकेसर ओले होऊन कुजतात आणि पूड मिळत नाही. नवख्यांची पहिली चूक बहुधा हीच असते.

पहाटे पुंकेसर फुटलेले दिसतील. फूल गाळणीवर हलकेच आपटलं की पुंकेसर आणि पूड खालच्या कागदावर पडतात, पाकळ्या वर राहतात. पुंकेसरांसकट सगळं बाटलीत भरा, निवडत बसायची गरज नाही. एका चांगल्या फुलाची पूड दोन-तीन फुलांना पुरते, या हिशेबाने फुलं तोडा. बाटली सावलीत ठेवा, खिशात नको, अंगाच्या उष्णतेने आणि घामाने पूड खराब होते. उरलेली पूड घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी चालते, पण मी ताजीच वापरा म्हणेन.

सकाळी ऊन चढण्याआधी, साधारण नऊ-साडेनऊपर्यंत काम आटपा. टोकं जेमतेम विलग झालेलं फूल शोधा. देठ दोन बोटांत धरा, एक पाकळी अंगठ्याने हलकेच बाहेर लोटा (जोराने लोटली तर कटकन मोडते, मोडली तरी फूल वाया जात नाही, पण आतला शंकू लवकर सुकतो). ब्रश पुडीत बुडवून शंकूभोवती दोन-तीन वेढे द्या, बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे. नुसतं टोकाला टेकवून पुढे गेलात तर पुन्हा वाकडंच फळ येणार, कारण बुडाकडचे स्त्रीकेसर कोरडे राहिले. ब्रश ओला झाला की बदला. ओल्या ब्रशला पूड गोळा होऊन चिकटते आणि सुटत नाही.

कोणती फुलं निवडायची? खोडाजवळच्या, जाड फांद्यांवरच्या, पानांच्या सावलीतल्या फुलांना प्राधान्य द्या. फळ वजनाला चांगलं भरतं आणि उन्हाने करपत नाही. एका ठिकाणी दोन-तीन फुलं असतील तर एकालाच ब्रश लावा. आणि सगळ्या फुलांच्या मागे लागू नका. चौथ्या वर्षाच्या, मनगटाएवढ्या खोडाच्या झाडाला मी तीस-चाळीस फळांपुढे जाऊ देणार नाही. हाताने सेटिंग जमायला लागलं की लोक हौसेने शंभर-शंभर फळं धरतात, मग फळ लहान राहतं आणि पुढच्या बहाराला झाड थकलेलं असतं.

मजुरीचा अंदाज: काळजीपूर्वक केलं तर निम्म्याहून अधिक फुलं धरतात. चाळीस फळांसाठी साठ फुलं धरा. तीनशे झाडांची अठरा हजार झाली. सराव झालेला माणूस तासाला शंभरेक फुलं करतो, म्हणजे एकशे ऐंशी तास. सकाळचे तीन तास धरले तर तिघांची वीस दिवसांची सकाळ. पूड गोळा करायचं काम वेगळं. घरची माणसं असतील तर परवडतं. सगळी मजुरी बाहेरची असेल तर तुमच्या बाजारातल्या भावावर ठरवा. लहान, चेपलेल्या मालाऐवजी एकसारखं मोठं फळ मिळाल्यावर दरात जो फरक पडतो, त्यातून मजुरी निघायला हवी.

मजुरी झेपत नसेल तर भुंगेरे वाढवा. फुलोरा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून दर आठ-दहा झाडांमागे एका बादलीत किंवा जाळीच्या पिशवीत अननसाच्या साली, जास्त पिकलेली केळी, पपई असं आंबणारं काही ठेवा, सावलीत, आणि वाळलं की बदला. आळ्यात आच्छादन करा, बागेच्या वाऱ्याच्या बाजूला शेवरीसारखी दाट ओळ असू द्या, मेमध्ये दुपारच्या आधी आच्छादनावर पाणी मारून गारवा ठेवा. सेटिंग झालं की आंबवलेलं फळ बागेबाहेर नेऊन पुरून टाका. नाहीतर तेच फळमाशीचं माहेर होतं आणि पिकणाऱ्या फळांवर ती येऊन बसते. या मार्गाने हाताइतकं सेटिंग मिळत नाही, आकारही सगळा सुधारत नाही, पण खर्च जवळपास नसतो.

राहिलेल्या शंका भराभर घेतो. पूड गावठी झाडाची चालेल का? चालेल. आपण खातो तो गर आईच्या, म्हणजे तुमच्या कलमाच्या झाडाच्या अंडाशयाचा आहे, गोल्डनचा गर गोल्डनच राहतो. परागकणाचा वाटा बीमध्ये जातो. म्हणून त्या बीपासून केलेलं रोप मात्र आईसारखं निघेल याचा भरवसा नाही, आणि म्हणूनच सीताफळात चांगली जात पुढे न्यायला कलम लागतं. जिबरेलिक ॲसिड (वाढीचं संप्रेरक) मारू का? त्याने बीविना अंडाशय काही प्रमाणात टिकतो, पण असं फळ बहुधा लहान भरतं. परागीभवनाची ती जागा घेत नाही. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य? परागनळी वाढायला तो लागतो हे खरं, पण माती-पानांच्या तपासणीत कमतरता दिसली तरच द्या, जादा बोरॉन पानं जाळतो.

तीनशे झाडांवर एकदम उडी घेण्याआधी दहा झाडांवर करून बघा. प्रत्येक झाडावर वीस फुलं ब्रशने करा आणि लाल दोरा बांधा, शेजारच्या तशाच वीस फुलांना काही न करता पांढरा दोरा बांधा. फलन झालेलं फूल पाकळ्या टाकतं, पण देठावर हिरवा, मुगाएवढा शंकू राहतो. न झालेलं तपकिरी पडून देठासकट गळतं. दहाव्या दिवशी दोन्ही रंग मोजा. लाल टिकली आणि पांढरी गळाली, तर परागीभवनाचंच दुखणं होतं आणि उपाय तुमच्या हातात आहे. दोन्ही सारखीच गळाली, तर आधी पूड ताजी होती का आणि फुलं खरंच मादी अवस्थेतली होती का ते तपासा. तेही बरोबर असेल तर मग मुळांकडे वळा. आळ्यात पाणी साचतं का, खोडाच्या बुडाशी साल काळी पडली आहे का, ताण सोडताना (बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना) पहिलं पाणी एकदम भरपूर दिलं का, हे बघा. ती मोजणी, कापलेल्या फळांचा आणि खोडाच्या बुडाचा फोटो इथे टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.